सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण पाय माझे राहिले नाहीत. कुठल्या डॉक्टरांवर विश्वास ठेवू?

कृष्णाकाठ

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच, जरा मोठं होईल ते सांभाळून घ्या कारण कुठून सुरू करू तेच कळत नाहीये.

मी ३६ वर्षांची, कराडजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शुगर नाही, बीपी नाही, थायरॉइड नॉर्मल. घरात सगळे शाकाहारी, माळकरी. गेल्या श्रावणात डाव्या तळपायाला बधिरपणा सुरू झाला. मला वाटलं खाली बसून वह्या तपासते म्हणून मुंग्या येत असतील. पण त्या उतरल्याच नाहीत. पायाखाली कापूस ठेवून चालल्यासारखं वाटायला लागलं, मग हळूहळू गुडघ्यापर्यंत आलं, मग उजवा पाय, आता दोन-तीन महिन्यांपासून हाताची बोटंपण. फळ्यावर लिहिताना खडू हातात आहे का नाही ते बघावं लागतं.

एक दिवस शाळेतून घरी येताना माझी लेक मागून ओरडत आली, आई तुझी चप्पल! तिच्या हातात माझी डाव्या पायातली चप्पल. मी वीसेक पावलं तशीच अनवाणी चालत आले होते आणि मला पत्ताच नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा रडले.

अजून एक म्हणजे मान खाली घातली की, म्हणजे भाकरी थापताना किंवा केर काढताना, मानेपासून पाठीतून पायापर्यंत करंट उतरतो. सेकंदभरच असतो पण अंगावर काटा येतो. आणि बंबातलं कडकडीत पाणी अंगावर घेतलं की त्यानंतर अर्धा-पाऊण तास पाय असे जड होतात की पलंगावर बसून राहावं लागतं. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो, बेसिन धरून उभी राहते.

आता डॉक्टरांचं. पहिल्यांदा आमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर, त्यांनी बी कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली पाच. मग हाडांचे डॉक्टर, त्यांनी कंबरेचा एमआरआय केला, म्हणाले गादी जरा सरकलीय पण या वयात एवढी असतेच, पट्टा वापरा. मग मोठ्या गावातले न्यूरॉलॉजिस्ट. तीन तास बाहेर बसलो, आत गेल्यावर चार-पाच मिनिटं. त्यांनी नसांची ती करंट देऊन करतात ती टेस्ट सांगितली, ती नॉर्मल. बी१२ तपासलं २१२ आलं, लॅबच्या कागदावर २००च्या पुढे नॉर्मल लिहिलंय. म्हणाले, काही नाही ताई, टेन्शन घेऊ नका, ही गोळी रात्री घ्या. मेडिकलवाल्याला विचारलं कशाची गोळी, तर चारचौघात म्हणाला डिप्रेशनची आहे. ड्युलॉक्झेटिन नाव. मी ती नऊ दिवस घेतली आणि आता बंद करावी म्हणतेय.

आमचे हे चांगले आहेत, प्रत्येक वेळी रजा टाकून बरोबर येतात, पण गेल्या आठवड्यात तेपण म्हणाले की एवढे सगळे डॉक्टर म्हणतायत काही नाही तर खरंच काही नसेल गं. सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवून टाकली, त्यांच्या मायेपोटी. माझाच माझ्यावरचा विश्वास उडायला लागलाय. रात्री मोबाइलवर वाचत बसते आणि जे वाचते ते सगळं मला झालंय असं वाटतं.

मला एवढंच विचारायचंय की कुणाचं असं झालंय का, शेवटी निदान कसं झालं, आणि पुढच्या डॉक्टरांकडे जाताना काय करू म्हणजे ते माझं ऐकून घेतील? का मी खरंच मनाचे खेळ करतेय?

---

सांजसावली

ताई, आधी हे वाचा मग बाकीचं. चप्पल सुटलेली कळत नाही हे कुणी मनाने बनवत नाही हो. तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे.

माझी गोष्ट वेगळ्या आजाराची आहे पण रस्ता तोच. मी पुरुष, आता ४४, नाशिकला असतो. मला संध्याकाळ झाली की डाव्या डोळ्याची पापणी खाली यायची, जेवताना शेवटचे घास चावायला जबडा साथ द्यायचा नाही, फोनवर बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागायचा. सकाळी उठलो की सगळं ठणठणीत. आणि डॉक्टरांची वेळ घेतलेली असायची सकाळी अकराची! त्यामुळे प्रत्येक वेळी मी त्यांच्यापुढे अगदी धडधाकट माणूस म्हणून बसायचो. दोन वर्षं मला झोप पूर्ण घ्या, स्क्रीन कमी करा, ऑफिसचं टेन्शन कमी करा हेच ऐकायला मिळालं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला.

बायकोने एक केलं. रोज सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ असे त्याच खिडकीपाशी उभं करून माझे फोटो काढले, दहा दिवस. ते तीस फोटो घेऊन एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी फोन हातात घेतला, चार फोटो बघितले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या वर बघत राहा, पापणी लवू देऊ नका. मिनिटभर बघत राहिलो तशी पापणी त्यांच्या डोळ्यांदेखत खाली आली. मग फ्रीजमधला बर्फ हातरुमालात गुंडाळून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला आणि पापणी वर! मी आरशात बघत होतो. पुढे रक्ताची अँटीबॉडी टेस्ट, नस पुन्हा पुन्हा उद्दीपित करून करतात ती टेस्ट, छातीचा सीटी. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नस आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथला निरोप पोचत नाही, आणि वापरता वापरता स्नायू दमतो, म्हणून संध्याकाळी जास्त. त्या दिवशी गाडीत बसून आम्ही दोघं बराच वेळ काहीच बोललो नाही. आजार झालाय हे ऐकून कुणी सुटल्यासारखं वाटून घेतं का, पण मला वाटलं.

आता गोळ्यांवर बरा आहे, खिशात एक कार्ड ठेवतो की मला हा आजार आहे, अमुक अँटिबायोटिक देऊ नका, कारण काही नेहमीच्या अँटिबायोटिकनेसुद्धा हा एकदम बळावतो.

सांगायचं कारण, तुम्ही इथे जे लिहिलंय ना चप्पल, बंब, बेसिन, भाकरी, तेच डॉक्टरांना सांगा. "मुंग्या येतात, अशक्तपणा वाटतो" असं सांगितलंत तर दिवसभरात तीस जण तेच सांगून गेलेले असतात.

---

तालुक्याचा डॉक्टर

मी एमडी मेडिसिन, एका तालुक्याच्या गावात वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. तुम्हाला न तपासता निदान सांगणार नाही, ते चुकीचं ठरेल. पण तुमच्या पोस्टमधल्या काही गोष्टी वाचून गप्प बसवेना.

पहिलं, एमआरआय कंबरेचा झालाय. मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून खाली येणारी मुख्य दोरी, ती मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते, त्याच्या खाली फक्त नसांचा झुपका असतो. म्हणजे कंबरेच्या फोटोत त्या दोरीचं जेमतेम टोक दिसतं. आणि तुमचा करंट कुठून निघतो? मानेतून. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून करंट जाणं याला लर्मिटचं चिन्ह म्हणतात, ते मानेतल्या मज्जारज्जूकडे बोट दाखवतं. हाताची बोटंपण धरली गेलीत, तीही कंबरेतून येत नाहीत. तेव्हा तुमचा एमआरआय नॉर्मल आहे हे खरं, पण जिथं बघायला पाहिजे होतं तिथं अजून कुणी बघितलेलंच नाही, असं मला दिसतंय.

दुसरं, नसांची टेस्ट. ती हातापायातल्या जाड नसा तपासते. मज्जारज्जूत किंवा मेंदूत काही असेल तर ती नॉर्मलच येणार. त्या टेस्टचं उत्तर बरोबर आहे, प्रश्न दुसरा होता.

तिसरं, बी१२. शाकाहारी माणसात २१२ आणि असा त्रास, याला मी नॉर्मल म्हणून सोडणार नाही. २०० ते ३००च्या मधे आकडा असेल तर रक्तातलं होमोसिस्टीन आणि जमलं तर मिथाइलमॅलॉनिक ॲसिड बघायचं असतं, बी१२ कमी पडलं की ही दोन्ही वाढतात, कारण रक्तात आकडा दिसला तरी पेशींना बी१२ कमी पडत असू शकतं. आणि अजून एक अडचण म्हणजे तुम्ही त्याच्या आधी बी कॉम्प्लेक्सची पाच इंजेक्शनं घेतली होती. त्यात बहुतेक बी१२ असतंच, त्यामुळे २१२ हा इंजेक्शन घेतल्यानंतरचा आकडा असू शकतो. आमच्या भागात हे रोज होतं, आधी इंजेक्शन मग तपासणी, आणि मग खरं काय होतं ते कधीच कळत नाही. बी१२च्या कमतरतेत नेमकी मज्जारज्जूची मागची बाजू धरली जाते. तिथूनच पाय कुठे आहे, पायात चप्पल आहे का ही खबर वर जाते. डोळे उघडे असतात तोवर माणूस बघून सांभाळतो, मिटले की तोल जातो. आम्ही ओपीडीत हेच विचारतो, चप्पल सुटली तर कळतं का आणि बेसिनवर तोंड धुताना तोल जातो का. तुम्ही न विचारता दोन्ही सांगितलंत.

गरम पाण्याने वाढणं, करंट, बधिरपणा चढत जाणं, यात मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, पण डोक्यात ठेवावा लागतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. मानेतली गादी दाबत असेल तर तेही. अजून दोन-चार आहेत. घाबरवायला सांगत नाहीये, यातल्या प्रत्येकावर काही ना काही करता येतं आणि काहींवर तर लवकर केलं तर भरपूर करता येतं, म्हणून सांगतोय.

आता गोळीबद्दल, आणि हे जरा माझ्या व्यवसायातल्या लोकांच्या वतीने. ड्युलॉक्झेटिन डिप्रेशनला देतात हे खरं पण नसांच्या दुखण्याला, मुंग्यांना, डायबिटीसच्या पायांच्या जळजळीलासुद्धा तेच देतात. त्या डॉक्टरांच्या मनात काय होतं मला माहीत नाही, कदाचित ते तुमच्या मुंग्यांवरच औषध देत असतील. पण ते त्यांनी तुम्हाला एका वाक्यात सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला मेडिकलच्या काउंटरवर ऐकावं लागलं. साठ-सत्तर पेशंट असतात हे कारण आहे, पण त्याने तुमचं झालेलं नुकसान भरून येत नाही. गोळी मनाने एकदम तोडू नका. ही एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थपणा, कधीकधी डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, मग आजाराचं कुठलं आणि गोळीचं कुठलं ते कुणालाच समजणार नाही. फोन करून विचारा.

आणि वाट न बघता कधी पळायचं ते लिहून ठेवा. लघवी अडली किंवा ताबा सुटला, पायातली ताकद तासा-दिवसांत भराभर उतरायला लागली, गिळताना ठसका, श्वास अपुरा, एका डोळ्याने अचानक धूसर. यातलं काहीही झालं तर ओपीडीची वेळ घेऊ नका, सरळ कॅज्युअल्टी.

---

भोर घाट

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा दुजोरा. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, २०२५च्या जानेवारीत इथे जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते आणि ताकद जाते) जी साथ आली त्यात माझा भाचा सापडला. आधी जुलाब झाले दोन दिवस, ते थांबले, मग आठवड्याने जिना चढताना पाय उचलेना. आम्ही म्हणालो जुलाबाने अशक्तपणा आलाय, नारळपाणी दे. कॅज्युअल्टीतल्या त्या पोरसवदा डॉक्टरीण बाईंनी फक्त गुडघ्यावर हातोडी मारली, दोन्हीकडे काहीच हललं नाही, घोट्याला मारली तिथेपण नाही, तशी तिने लगेच सीनियरला फोन लावला. त्याच रात्री ॲडमिट, पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन. सात महिन्यांनी तो परत सायकल चालवायला लागला.

त्या वेळेस पेपरात रोज आकडे येत होते, दोनशेच्या वर गेले, इथल्याच जवळच्या नांदेड गावच्या विहिरीचं पाणी, कॅम्पिलोबॅक्टर जंतू वगैरे सगळं आम्ही नंतर वाचलं. पण माझ्या डोळ्यापुढे ती हातोडी आहे. ताई, तुमच्या त्या चार-पाच मिनिटांत कुणी हातोडी मारली होती का? पायाच्या अंगठ्याची हाडं, घोटा, तिथे तो कंप पावणारा चिमटा लावून विचारलं होतं का कंप जाणवतोय का? नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यात काहीएक चूक नाही, त्यात पहिल्यांचा अपमान होत नाही.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू. मी हे सगळं आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. कंबरेच्या एमआरआयचं वाचल्यावर ते उठून फाइल घेऊन आले, फिल्म खिडकीपाशी धरून बराच वेळ बघत बसले, त्यांना त्यातलं काय कळणार, पण बघत बसले. मग म्हणाले उद्याच फोन लावतो.

हातोडी मारली होती एकदा, गुडघ्याला, साडीवरूनच. चिमटा नाही लावला कुणी.

एक विचारायचंय. मला भीती अशी वाटते की मी नव्या डॉक्टरांसमोर इंटरनेटवर वाचलेलं बोलायला लागले तर ते चिडतील आणि मग परत तेच टेन्शन टेन्शन. आणि समजा सगळं तपासूनही काहीच नाही निघालं तर? मग काय, मी वेडी ठरणार का?

---

पारिजात

तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी खास लॉगिन केलं.

ताई, माझं तेच झालं, सगळं तपासलं आणि काही निघालं नाही. आणि तरीही मला निदान मिळालं. मी ठाण्याची, बँकेत नोकरी, २९ वर्षांची असताना एका सकाळी उजवा पाय चालेनासा झाला, ओढत चालायचे, हात थरथरायचा. मेंदूचा, मानेचा, पाठीचा, तिन्ही एमआरआय स्वच्छ. तीन ठिकाणी मला "तुम्हाला काही नाही झालेलं" म्हणून परत पाठवलं, एका ठिकाणी तर माझ्यासमोरच आईला म्हणाले लग्न लवकर करून टाका. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

चौथे डॉक्टर वेगळे निघाले. त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, माझ्या दुखऱ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवला, म्हणाले ही टाच खाली दाबा. मला दाबताच येईना. मग म्हणाले आता ती सोडा, चांगला पाय माझ्या हाताविरुद्ध वर उचला. मी उचलला, आणि दुसरी टाच आपोआप त्यांच्या तळहातावर जोरात दाबली गेली. त्यांनी ते मला आणि माझ्या आईला दोघींना दाखवलं, दोनदा. म्हणाले ताकद आहे, नस आहे, पण तुम्ही मुद्दाम हलवायला गेलात की मेंदूचा हुकूम तिथपर्यंत नीट पोचत नाहीये. तुम्ही नाटक करत नाही आहात, हा फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर आहे, आणि हे निदान मी रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून करत नाहीये, ही खूण दिसली म्हणून करतोय.

हा फरक मला आयुष्यभर पुरलाय. "काही सापडत नाही म्हणून मनाचं" आणि "ही खूण दिसतेय म्हणून हे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग या आजाराची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्ट मिळाल्या, त्या पायाकडे बघू न देता चालायला लावायच्या, उलटं चालायला लावायच्या, तालावर चालायला लावायच्या. आठ महिने लागले. आता लोकलने जाते-येते, थकले की पाय अजून जरा ओढतो.

तुमचं माझ्यासारखं आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये, डॉक्टरांनी वर लिहिलंय ते आधी तपासायलाच हवं, आणि मला सांगितलं होतं की काही जणांना दोन्ही बरोबर असू शकतं. पण "काही नाही निघालं तर वेडी" ही भीती मनातून काढून टाका. त्या खोलीत वेडं कुणी नसतं.

आणि गोळी डिप्रेशनची असली तरी त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, मीपण घेतली होती वर्षभर.

---

तालुक्याचा डॉक्टर

पारिजात यांनी जे लिहिलंय ते आमच्या पोरांना शिकवायला हवं.

कृष्णाकाठ ताई, चिडण्याबद्दल. आजाराचं नाव घेऊन गेलात तर काही डॉक्टर चिडतात, खोटं कशाला बोलू. तुम्ही नाव घेऊन जाऊच नका. एका पानावर लिहून न्या, महिन्यानुसार. गेला श्रावण, डावा तळपाय. मग कधी गुडघा, कधी उजवा पाय, कधी हात. खाली चप्पल, बेसिन, भाकरीचा करंट, बंबाचं पाणी. मग झालेल्या तपासण्या तारखेसकट आणि इंजेक्शन आधी का तपासणी आधी ते ठळक. घेत असलेली प्रत्येक गोळी, आयुर्वेदिक, काढा, घरचं सगळं. पान एकच, पाठपोट नको. ते टेबलावर ठेवा आणि एवढंच विचारा, "मान वाकवली की करंट पायात जातो, तर मानेचं बघायला हवं का?" आणि निघताना तीन गोष्टी विचारून घ्या. तुम्हाला काय काय वाटतंय, काय नाही हे नक्की झालं, आणि परत कधी यायचं. परत कधी यायचं हे ज्यांनी सांगितलं नाही त्यांनी तुम्हाला सोडून दिलं असं समजा.

अजून एक, मनाची तयारी म्हणून. पहिल्या भेटीत नाव मिळेलच असं नाही. एमएससारख्या आजारात बरीच वर्षं निदानाचा कणाच हा होता की खुणा मज्जासंस्थेत वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी दिसल्या पाहिजेत. त्याचे मॅकडॉनल्ड निकष, म्हणजे एमएस ठरवायचे नियम, २००१ मध्ये आले, २०१७ मध्ये आणि त्यानंतरही सुधारले, आता पाठीतल्या पाण्याच्या (मज्जारज्जूभोवतीचं पाणी, कंबरेत सुई घालून काढतात) तपासणीचीही त्यात मदत होते त्यामुळे पूर्वीपेक्षा लवकर कळतं. तरी कधी कधी डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी एमआरआय परत करू, तेव्हा ते टाळत नसतात. "आत्ता मला माहीत नाही, पण मी शोधतोय" असं म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका. दर महिन्याला नवा डॉक्टर केला की प्रत्येक जण तुम्हाला एकाच दिवसाचं बघतो, आजार कसा सरकतोय ते कुणालाच दिसत नाही.

---

देवराई

मी फार लिहीत नाही. पैशाची अडचण असेल तर मुंबईला केईएम, पुण्याला ससून, दोन्हीकडे न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे, पहाटे लाइनला लागावं लागतं पण तपासतात नीट, शिकणारे डॉक्टर आधी सगळं लिहून घेतात, माझ्या आईचं पाऊण तास लिहून घेतलं होतं. बंगळूरला निमहान्स, मेंदू-नसांच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल, आहेच, कोल्हापूर-सांगलीकडचे खूप लोक तिकडेच जातात. आणि एमएसच निघाला तर मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया म्हणून पेशंटची संस्था आहे, त्यांच्याशी बोलता येतं. नाही निघाला तर उत्तमच.

---

कृष्णाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. धावपळ चालली होती.

एक पान लिहिलं. चार वेळा लिहिलं, आधी तीन पानं झाली होती. नवीन न्यूरॉलॉजिस्टांनी ते पान हातात घेतलं, पूर्ण वाचलं, मग म्हणाले हे मी फाइलला लावून घेऊ का. मला तिथेच भरून आलं. बूट-मोजे काढायला लावले, पायाच्या अंगठ्याच्या हाडावर चिमटा लावला, कंप येतोय का विचारलं, डाव्याला काहीच नाही, घोट्याला नाही, गुडघ्याला थोडासा. डोळे मिटून उभं केलं तर पडलेच असते, त्यांनी दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले होते. अंगठा वर केला का खाली ते डोळे मिटून सांगा म्हणाले, तर मी ठामपणे वर सांगितलं आणि तो खाली होता. आमचे हे बाजूला उभे राहून बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले मी गेल्या महिन्यात जे बोललो ते परत कधी बोलणार नाही.

मेंदू आणि मान दोन्हीचा एमआरआय झाला. मानेत मज्जारज्जूवर एक डाग आहे, मेंदूत दोन लहान. होमोसिस्टीनपण वाढलेलं आहे, म्हणजे बी१२पण कमीच होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले एकट्या बी१२ने मेंदूतले डाग समजावता येत नाहीत, अजून ॲक्वापोरिन आणि मॉग अशा दोन अँटीबॉडी पाठवल्यात, एमएससारखे दिसणारे दुसरे आजार ओळखायला, पाठीतलं पाणी परवा काढलं. रिपोर्ट यायचे आहेत. त्यांनी माझ्याच पानाच्या मागे तीन आजारांची नावं लिहून दिली, कुठलं जास्त वाटतंय तेही सांगितलं, आणि म्हणाले आज मी एकावर बोट ठेवणार नाही, १८ तारखेला बसून बोलू. ती आधीची गोळीपण त्यांनी चालूच ठेवली, म्हणाले मुंग्यांसाठी आहे. गंमत म्हणजे नाव अजून कळलेलं नाही तरी मी या आठवड्यात तीन रात्री सलग झोपले. सासूबाईंना बंबाचं सांगितलं तर आता त्या स्वतः बादलीत हात घालून बघतात, कोमट असेल तरच हाक मारतात.

मागे पट्टा असलेली सँडल घेतलीय.

डॉक्टरसाहेब, एकच शंका. पाणी काढल्यापासून उठून बसलं की डोकं खूप दुखतं, मळमळतं. हे चालतं का?

---

तालुक्याचा डॉक्टर

आडवं पडल्यावर थांबतं का? थांबत असेल तर ते पाणी काढल्याचंच आहे, बऱ्याच जणांना होतं, बहुतेकांचं काही दिवसांत जातं. पडून राहा, पाणी भरपूर प्या, चहा-कॉफी दोन-तीनदा घ्या, त्याने फरक पडतो. पण तरीही ज्यांनी पाणी काढलं त्यांना आजच फोन करून कळवा. दुखणं आठवड्याच्या पुढे गेलं किंवा सहनच होत नसेल तर त्यावर वेगळा उपाय असतो, तो ते करतील. ताप आला, मान ताठ झाली, आडवं पडूनही दुखायला लागलं, किंवा टोचलेल्या जागेतून पाणी झिरपलं तर मात्र थांबू नका, लगेच जा.

शाळेत चार दिवस जाऊ नका. वह्या नंतर तपासता येतील.

---

कृष्णाकाठ

थांबतं, आडवं पडलं की पूर्ण थांबतं. आत्ता पडूनच लिहितेय. हे फोन लावतायत तिकडे.